एकोणतीस हजर

मराठी आकडे मला नीट येत नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, पाढे इंग्रजीत, आणि मराठी हा विषय मार्कांपुरता. वीसपर्यंत ठीक आहे. त्यापुढे कुणी पटकन आकडा बोललं की मी समजल्यासारखा चेहरा करते आणि मनात अंदाज बांधते. पुण्यात भाजीवाल्यासमोर मी कायम मोठी नोट पुढे करायचे, म्हणजे किती परत द्यायचे ते त्याचं तो बघायचा. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. इथे सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या एका लाजेतून झालं.

तेव्हा मी ओहायोमधल्या एका आखून वसवलेल्या गावात राहत होते. आधी कागदावर काढलेलं आणि मग बांधलेलं गाव. तळंसुद्धा खणून केलेलं. रस्त्यांना झाडांची नावं, पण त्या रस्त्यावर ते झाड नाही. मुलांना रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून रस्त्याखालून पायवाटा काढलेल्या, आणि त्या पायवाटांवर मूल मला कधी दिसलं नाही. घरांचे नमुने चारच, आलटूनपालटून लावलेले. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावली. एकदा ती अर्धी फिरलीसुद्धा.

दुकानांच्या चौकात काचेच्या पेटीत गावाचा नकाशा होता. त्यावर काही इमारती तुटक रेषांनी दाखवल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, लवकरच होणार. वाचनालय, दुसरी शाळा, रेल्वे स्टेशन. नकाशाचा रंग उन्हाने पार उडाला होता, पण त्या तुटक रेषा मात्र स्पष्ट दिसायच्या. झालेल्या गावापेक्षा न झालेलं गाव जास्त ठळक.

तळ्याच्या पलीकडे आमची कंपनी होती. खरं तर आधी कंपनी ठरली आणि मग तिच्या माणसांसाठी गाव. मी आले तेव्हा चार मजल्यांपैकी तीन बंद झाले होते. लोक घरून काम करायला लागले होते, काहींना काढलं होतं, काही स्वस्त राज्यांत निघून गेले होते. चौथ्या मजल्यावर मी एकटी बसायचे, कारण माझ्या व्हिसाच्या अर्जावर कामाचं ठिकाण म्हणून याच इमारतीचा पत्ता होता. इमारत चालू, तर माझा कागद चालू. ती बंद झाली तर कंपनी माझ्यासाठी नवा अर्ज करेल असं कुणी म्हणत नव्हतं, आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला मला साठ दिवस मिळणार होते.

मी राहायचे काकूंच्या तळघरातल्या खोलीत. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खोलीची जाहिरात होती. काकू मूळच्या साताऱ्याच्या, साठी ओलांडलेल्या. काका आदल्या हिवाळ्यात गेले होते, मी त्यांना पाहिलंही नव्हतं. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता: पांढरे केस, जाड चष्मा, गुळगुळीत दाढी, खांद्यावर शाल. ते आमच्याच कंपनीत होते एवढं मला माहीत होतं. काकू त्यांच्याविषयी फार बोलत नसत, आणि मी विचारत नसे. आमचं त्यामुळेच जमत होतं.

बोलणं व्हायचं ते गावाबद्दल. त्या वर्षी हिरवळींवर पाट्या लागल्या होत्या, अर्ध्या 'हो' म्हणणाऱ्या, अर्ध्या 'नाही' म्हणणाऱ्या.

"दीडचं पावणेदोन करणार म्हणे," काकू एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

मी मनात पावणेदोन म्हणजे दोनच्या अलीकडे की पलीकडे ते शोधत राहिले. मग इंटरनेटवर बघून आले. अलीकडे होतं.

तिथल्या गावांचा स्वतःचा इन्कम टॅक्स असतो. तुम्ही ज्या गावातल्या खुर्चीवर बसून काम करता, त्याचा पहिला हक्क त्या गावाचा. आमच्या गावाचं सगळं त्या एका इमारतीतल्या खुर्च्यांवर चालायचं. माणसं खुर्च्यांवरून उठून घरी गेली आणि त्यांचा टॅक्सही त्यांच्यामागे गेला. मग बर्फ काढणारी गाडी दिवसाआड यायला लागली. पोहण्याच्या तलावाला कुंपण घातलं. उरलेल्यांवर दर दीड टक्क्यावरून पावणेदोन करायचा का, यावर वसंतात मतदान होतं. काकू म्हणायच्या, मला काय, पेन्शनवर लागत नाही, पण गाडी आली नाही तर मी घरात अडकते.

आमच्या टीमचा लीड नागपूरचा होता. सहाएक महिन्यांपूर्वी तो टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेला. तिथे त्याने घर घेतलं आणि तिथून तो आमचं काम बघायचा. कागदावर मात्र तो अजून चौथ्या मजल्यावर होता. सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. आधी त्याने टेक्सासच्या उन्हाबद्दल तक्रार केली, मग माझ्या व्हिसाची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आला. कंपनीचा गावाशी करार होता. ठरावीक माणसं इमारतीत येत राहिली तर गाव त्यांच्या टॅक्सचा काही भाग कंपनीला परत देणार. माणसं येतात का हे दारावरच्या कार्डाच्या नोंदींवरून कळणार. आणि ती नोंद कमी पडली तर कंपनी इमारतच सोडून देणार.

"माझ्या जुन्या ड्रॉवरमध्ये कार्डं आहेत सगळ्यांची," तो म्हणाला. "सकाळी तुझ्यासोबत तेवढी स्वाइप करून टाकत जा. अर्ध्या तासात पसरव, एकदम नको."

मी त्याच्या जुन्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"अगं, प्रॉक्सी समज ना बाप्पा. कॉलेजात मारली नाही का कधी?"

मारली होती. खूप मारली होती. इंजिनिअरिंगला मी वर्गात सगळ्यात गप्प मुलगी होते, म्हणून कुठल्याच सरांना माझा आवाज माहीत नव्हता. जिचा आवाज कुणाला माहीत नाही, ती कुणाच्याही नावाला 'येस सर' म्हणू शकते. मैत्रिणी सिनेमाला जायच्या आणि मी मागच्या बाकावर बसून चार-चार जणी व्हायचे. माझ्या स्वतःच्या नावाला मात्र कधीकधी ओ द्यायची विसरायचे.

हे लोक कामावर आहेतच, फक्त घरी आहेत, असं त्याने समजावलं. खोटं काही नाही, जागा तेवढी चुकीची आहे. आणि इमारत राहिली तर माझाही कागद राहतो, हे त्याने न सांगता सांगितलं.

"एकोणतीस आहेत," तो म्हणाला. "मोजून घे."

ड्रॉवर उघडून मी मोजली. थर्टी. एकोणतीस. त्या शब्दात एक होतं, तीस होतं. एक आणि तीस म्हणजे थर्टी-वन असेल का? मग एक कमी भरतंय. की त्यात माझं धरलंय? माझं धरलं तर थर्टी-वन बरोबर होतात. विचारणं सोपं होतं. एक इंग्रजी शब्द. पण तो हसला असता, पुण्याची असून आकडे येत नाहीत म्हणून, आणि ते मंडळाच्या ग्रुपवर गेलं असतं.

"आहेत ना बरोबर?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना आत आणायला लागले. काचेचं दार, शेजारी कार्ड वाचणारं यंत्र, यंत्रावर बोटभर पडदा. दारावरच्या कॅमेऱ्याची वायर सिक्युरिटीचं कंत्राट संपलं तेव्हापासून लोंबत होती. कार्ड टेकवलं की टिंग व्हायचं आणि पडद्यावर वेलकम आणि नाव यायचं. मी बाहेर थंडीत उभी राहून एकेक टेकवायचे, दोन-चार झाली की आत जाऊन पाच मिनिटं बसायचे, परत बाहेर. सगळ्यांचे फोटो कार्डांवर होते. कुरळ्या केसांची बाई, हसताना दात झाकणारा मुलगा, आमचा लीड, तेव्हा बारीक होता. एका कार्डावर काळ्याभोर मिशांचा एक तरुण माणूस होता, कॉलर फार मोठी, आणि नाव इथल्या लोकांना म्हणता यावं म्हणून छाटून दोन अक्षरांचं केलेलं. आडनावाचं फक्त आद्याक्षर. पहिल्या दिवशी ते कार्ड टेकवल्यावर यंत्र जरा थांबलं. मग पडद्यावर आलं, वेलकम बॅक. बाकी कुणाला ते तसं म्हणालं नव्हतं.

इमारतीत वीज वाचवायची एक व्यवस्था होती. ज्याचं कार्ड आत आलं, त्याच्या टेबलावरचा दिवा लागायचा आणि तिथेच गरम हवा सुटायची. लिफ्टजवळच्या पडद्यावर मजल्याचा नकाशा असायचा, आलेल्या माणसाच्या जागी हिरवा ठिपका. मी वर पोचायचे तेव्हा चौथा मजला भरलेला असायचा. दिवे लागलेले, छतातून हवेचा आवाज, रिकाम्या खुर्च्या जराशा वळलेल्या. कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप जागा होऊन एक कोरा कागद बाहेर काढायचा. पहिले काही दिवस मी डोकं खाली घालून माझ्या जागेवर जायचे, उशिरा वर्गात शिरल्यासारखी.

हळूहळू मी त्यांना सवयी लावल्या. सगळे रोज एकाच क्रमाने आले तर संशय येईल असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं. कुरळ्या केसांची बाई सगळ्यात आधी. दात झाकणारा मुलगा धावतपळत. लीडला मी मुद्दाम शेवटी आणायचे. मिशांचा माणूस वक्तशीर, फक्त सोमवारी उशिरा. सोमवारी त्याला घरचं काहीतरी काम असणार असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटायचं.

त्याच्या बाबतीत एक विचित्र होतं. तळ्याच्या बाजूच्या खिडकीपाशी आता टेबलंच नव्हती, ती काढून नेली होती. नुसता गालिचा, त्यावर टेबलांच्या पायांचे चार-चार खळगे. तो आला की तिथे, त्या मोकळ्या गालिच्यावर, एक दिवा लागायचा. नकाशावरही ठिपका तिथेच. जिथे टेबल नाही, खुर्ची नाही, तिथे एक माणूस. सुरुवातीला मी त्या बाजूला बघायचे टाळायचे. नोव्हेंबरात थंडी वाढली आणि लक्षात आलं की अख्ख्या मजल्यावर ती जागा सगळ्यात उबदार आहे. बाकी झोतांचा जोर टेबलांच्या फळ्यांवर जायचा, हा सरळ खाली यायचा. मी डबा घेऊन तिथे गालिच्यावर बसायला लागले. समोर तळं, तळ्यावर बदकं. बसताना मी थोडी बाजूला सरकून बसायचे. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

डिसेंबरमध्ये एक दिवस मला ताप आला आणि मी गेले नाही. त्या दिवशी कुणीच कामावर आलं नाही.

फेब्रुवारीत गावाच्या टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. आमच्याकडे पत्रपेट्या घराला नसायच्या, गल्लीच्या टोकाला सगळ्यांच्या एकत्र असायच्या, आणि बर्फ असलं की टपाल मीच आणायचे. पत्र काकांच्या नावाने होतं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मेल्यावरही माणसाला पत्रं येत राहतात, म्हणून मी ते इतर टपालात घालून ओट्यावर ठेवलं.

काकूंनी उघडलं, वाचलं, आणि माझ्याकडे दिलं. "तुझं इंग्लिश चांगलं आहे. काय म्हणतायत बघ."

पत्र यंत्राने लिहिलेलं होतं, खाली कुणाची सही नाही. त्यात म्हटलं होतं की गेल्या तिमाहीत आपण या गावाच्या हद्दीत प्रत्यक्ष कामावर हजर असल्याची आमच्याकडे नोंद आहे. आपल्या पगारातून गावाचा टॅक्स कापलेला मात्र दिसत नाही. इमारतीच्या हजेरीच्या यादीत आपलं नाव आहे, पगाराच्या यादीत नाही. तरी खुलासा करावा.

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, मी लक्ष ठेवून होते.

"किती दिवस हजर?" काकूंनी विचारलं.

"फिफ्टी-नाइन."

"एकोणसाठ," काकू स्वतःशी म्हणाल्या.

मी पत्राकडे बघत होते. "काकू, एकोण म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असल्या वेळी हा काय प्रश्न, असं त्यांना वाटलं असणार. "एक उणा. साठाला एक कमी, म्हणून एकोणसाठ. तिसाला एक कमी एकोणतीस. शिकवलं नाही का गं तुम्हाला?"

साठाला एक कमी. तो एक दिवस माझ्या तापाचा होता. आणि तिसाला एक कमी एकोणतीस. त्याने सांगितली होती ट्वेंटी-नाइन आणि मी मोजली होती थर्टी. एक कमी नव्हतं. एक जास्त होतं.

मी वर मान करून हॉलमधल्या फोटोकडे बघितलं. पांढरे केस, चष्मा, शाल. मिशा नाहीत. काकूंना मी विचारलं, काकांचे तरुणपणचे फोटो आहेत का. त्यांनी लगेच आणले, जणू कुणीतरी विचारायची वाट पाहत होत्या. तळ्याच्या काठावर, नव्या बांधलेल्या इमारतीपुढे, काळ्याभोर मिशा आणि फार मोठी कॉलर.

"पहिल्या दिवशीचा," काकू म्हणाल्या. "ऑफिसात ह्यांच्या नावाचे दोन तुकडे केले त्यांनी. पुढचा ठेवला, मागचा मला दिला."

त्या हसल्या, आणि मग हसू तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "तू तिथेच असतेस दिवसभर. तुला कधी काही जाणवलं का?"

"नाही, काकू," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा केला तो तीन कप. तिसरा कप ओट्यावर निवत राहिला, त्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर काकांचे बर्फातले बूट कपाटातून निघून दारापाशी ठेवलेले होते, टाचा भिंतीकडे, पुढची बाजू दाराकडे. त्या दिवशी मी एकोणतीसच कार्डं टेकवली. तिसावं माझ्या कोटाच्या खिशात होतं. खिडकीपाशी दिवा लागला नाही आणि मी जेवले नाही.

काकूंनी ठरवलं होतं की गुरुवारी गावाच्या ऑफिसात जायचं. मृत्यूचा दाखला त्यांनी एका पाकिटात घातला. त्या रागावलेल्या नव्हत्या, तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, ह्यांच्या नावाने कोण येतं. आणि त्यांनी ते खिडकीपलीकडच्या माणसाला विचारलं, की तो कंपनीला विचारणार, कंपनी ड्रॉवर उघडणार, आणि पुढचं मला दिसत होतं. एकोणतीस लोकांच्या नोकऱ्या कदाचित राहिल्या असत्या. माझी राहिली नसती. उलट गप्प बसले असते, तर काकू उरलेलं आयुष्य दारापाशी बूट ठेवत राहिल्या असत्या. मी दोन रात्री याच्यावर काही ठरवलं नाही. मी ठरवत नाही, माझ्यावर वेळ येते.

बर्फात त्या गाडी चालवत नसत, म्हणून गुरुवारी मीच नेलं. रस्ता तळ्याला वळसा घालून जायचा. हिरवळींवरच्या पाट्या अर्ध्या बर्फात बुडाल्या होत्या, 'हो' कुठली आणि 'नाही' कुठली ते कळत नव्हतं. इमारतीपाशी आल्यावर मी गाडी पार्किंगमध्ये घातली. एवढं मोठं पार्किंग आणि त्यात आमची एकटी गाडी.

मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काकू, मी आणते त्यांना आत," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. ड्रॉवर, प्रॉक्सी, एकोणतीस. आकड्याचा भाग सांगताना मला रडू आलं, बाकीचा सांगताना नाही. काकू कार्डाकडे बघत होत्या. अंगठ्याने त्यांनी फोटोवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. सोमवारी थोडे उशिरा."

त्यांचा अंगठा थांबला. "सोमवारी का?"

मला वाटायचं, एवढंच.

"हे सोमवारी उशिराच जायचे," काकू म्हणाल्या. "कचऱ्याची गाडी येऊन गेल्याशिवाय घर सोडायचे नाहीत. मी म्हणायचे, मी बघते, तुम्ही जा."

गाडीचा हीटर चालू होता. काकू वर चौथ्या मजल्याकडे बघत होत्या. कुठली खिडकी, ते त्यांनी विचारलं आणि मी दाखवली. आत जायचंय का, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, नको, ऑफिस बंद होईल.

टॅक्स ऑफिसच्या खिडकीमागे एक म्हातारा गोरा माणूस होता. काकूंनी दाखला पुढे केला. त्याने वाचला, सॉरी म्हणाला, कीबोर्डवर काहीतरी शोधलं आणि नोंद कशी काय आली असं विचारलं. मी काकूंच्या मागे एक पाऊल उभी होते. हात कोटाच्या खिशात होते आणि खिसा रिकामा होता.

काकू इंग्रजीत म्हणाल्या, "जुनं कार्ड चालू राहिलं होतं. आता ते माझ्याकडे आहे. ते आता येणार नाहीत."

त्याने मान हलवली आणि शिक्का मारला. जी माणसं कार्डं बंद करायची त्यांनाच कंपन्या आधी काढतात, असं तो म्हणाला. त्याने आणखी काही विचारलं नाही. काकूंनी आणखी काही सांगितलं नाही. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "बाकीच्यांचं काय ते तू बघ. मी ह्यांच्यापुरतं बोलले."

त्या संध्याकाळी मी लीडला फोन केला. मी यापुढे करणार नाही, असं म्हणाले. त्याने कारण विचारलं. मी म्हणाले, एकोणतीस म्हणजे ट्वेंटी-नाइन असतात आणि मी थर्टी आणत होते. त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने तिसावा कोण ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर त्याच्याकडून एकेक कळलं. काकांनी त्याला नोकरीला लागला तेव्हा काम शिकवलं होतं. काका गेल्यावर त्यांचं टेबल त्यानेच आवरलं होतं आणि कार्ड फेकवलं नाही म्हणून ड्रॉवरच्या तळाशी ठेवलं होतं.

"मग बंदच समज बिल्डिंग," शेवटी तो म्हणाला. रागाने नाही. "तू शोधायला लाग, यार. मी रेफरन्स देतो."

शुक्रवारी मी ती एकोणतीस कार्डं पाकिटात घालून त्याला पाठवून दिली. पाकिटावर आत काय आहे ते लिहायची जागा असते, तिथे मी आकडा लिहिला. त्याआधी दोनदा मोजलं.

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा फक्त स्वतःला आत न्यायला निघाले. काकूंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, झोपल्या असतील म्हणून मी आवाज केला नाही. दारापाशी बूट नव्हते, याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, रिकामा डबा रस्त्याच्या कडेला होता.

रात्री ताजं बर्फ पडलं होतं. पार्किंग पांढरं, कोरं. त्यावरून एक पावलांची रांग रस्त्याखालच्या पायवाटेकडून निघून दारापर्यंत गेली होती. पावलं मोठी, पुरुषाच्या बुटांची. पण अंतर लहान, जपून टाकलेलं. आत जाणारी होती. बाहेर येणारी नव्हती.

लिफ्टजवळच्या नकाशावर माझा ठिपका लागला. त्याच्या आधीचा एक तिथे होताच, खिडकीपाशी, जिथे टेबल नाही.

मी वर गेले. मजला अंधारलेला आणि गार होता. प्रिंटर झोपलेला होता. माझ्या टेबलावरचा सोडला तर फक्त शेवटच्या खिडकीखाली, मोकळ्या गालिच्यावर, एक दिवा लागलेला होता, आणि त्या उजेडात काकू पाय पसरून बसल्या होत्या, काकांचे ते मोठे बूट पायांत घालून. मांडीवर कार्ड. त्या जराशा बाजूला सरकून बसल्या होत्या, मी बसायचे तशा.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. तळ्याकडे बघत म्हणाल्या, "बदकं दिसतात म्हणायचे. मला वाटायचं, थापा मारतात."

मी कोट न काढता त्यांच्या शेजारी बसले. मध्ये एका माणसाची जागा राहिली. वरून गरम हवा येत होती.

"त्या पत्रातल्या एकोणसाठावर कसं सोडायचं," काकू म्हणाल्या. "आज साठ झाले."

मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि उठायला मला हात मागितला.